माशांचा संसार : काचपेटींत आणि तलावांत

आज ज्या विषयावर मी बोलणार आहें, तो ऐकून आपणांपैकीं कित्येकांस हंसूं येईल. भंडारा म्हणजे तलावांचा मुलूख. अशा मुलखांत राहणाऱ्या माणसानें घराच्या ओसरीवर काचेची पेटी मांडावी, तींत परदेशचे दोन मासे ठेवावे, आणि त्यांस पिलें व्हावीं म्हणून महिनोन् महिने त्यांचीं आर्जवें करीत बसावें, हा निव्वळ खुळेपणाच नव्हे काय? शेजारच्या आजीबाईंनीं तर मला तोंडावरच विचारलें, "गुरुजी, वैनगंगेत मासे कमी झाले का जी, म्हून तुमी घरात पैदा करून रायले?"

त्या वेळीं मीं हंसून वेळ मारून नेली. परंतु मास्तरकीचा पेशा सुटला तरी संवय सुटत नाहीं. विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर दिल्यावांचून चैन पडत नाहीं. तें शोधतां शोधतां मी इजिप्तमधील एका थडग्यापासून साकोलीकडील एका लहानशा बोडीपर्यंत जाऊन आलों. मी कांहीं मत्स्यशास्त्रज्ञ नव्हे. मॅट्रिक होऊन प्राथमिक शाळेंत आयुष्य घालविलेला मनुष्य आहें. तेव्हां जें वाचलें आणि जें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलें, तेवढेंच सांगतों.

माझ्या पेटींतील मासे बाजारांत 'एंजल' या नांवानें विकले जातात. अंग पतंगासारखें चपटें व उभें, पाठीवर आणि पोटाखालीं लांब निमुळते पर, रुपेरी कातडीवर काळे उभे पट्टे. यांचें मूळचें माहेर दक्षिण अमेरिकेंतील अमेझॉन नदीच्या खोऱ्यांत. युरोपीय शास्त्रज्ञांनीं त्यास १८२३ सालीं शास्त्रीय नांव दिलें. ज्या कुळांत हा मासा मोडतो त्यास 'सिक्लिड' म्हणतात. या कुळांतील दीड हजारांहून अधिक जाती आजवर नोंदल्या गेल्या आहेत. त्यांतील बहुतेक आफ्रिकेंत व अमेरिकेंत, थोड्या मादागास्कर बेटांत, आणि अगदीं मोजक्या हिंदुस्थानांत व सिंहलद्वीपांत. एकमेकांपासून इतक्या दूर असलेल्या भूमींत एकाच कुळाचे मासे आले कसे? हे सारे भूखंड एके काळीं जोडलेले होते, त्या वेळचीच ही वांटणी होय, असें पुष्कळांचें मत आहे. कांहीं पंडित मात्र मासे मागाहून समुद्र ओलांडून पसरले असें म्हणतात. तो वाद त्यांचा त्यांनीं मिटवावा. मला गंमत वाटते ती नांवाची. सुएस नांवाच्या भूशास्त्रज्ञानें त्या जुन्या अखंड भूमीस १८८५ सालीं 'गोंडवनलँड' हें नांव दिलें तें आमच्या गोंडांच्या मुलखावरून! म्हणजे अमेझॉनचा मासा भंडाऱ्यास आला, तो नांवापुरता तरी आपल्याच गांवीं आला असें म्हणावयास हरकत नाहीं.

या कुळाची खरी ओळख रूपांत नाहीं, संसारांत आहे. रोहू किंवा कतला यांची मादी पावसाळ्याच्या पुरांत लक्षावधि अंडीं सोडते आणि निघून जाते. पुढें त्या अंड्यांचें काय झालें हें ती पाहत नाहीं. लाखांतून चार जगले म्हणजे वंश चालला. सिक्लिडांचा हिशेब वेगळा. अंडीं थोडीं, कांहीं शें मात्र. परंतु त्यांच्यावर आईबापांचा अहोरात्र पहारा. त्यांतही दोन रीति आहेत. कांहीं जाती दगडावर किंवा पानावर अंडीं चिकटवितात आणि नर व मादी दोघेंही त्यांस परांनीं वारा घालावा तसें पाणी घालीत उभीं राहतात. दुसऱ्या जातींतली मादी अंडीं सरळ आपल्या तोंडांत घेते, तेथेंच तीं फुटतात, आणि पिलें पोहूं लागल्यावरही संकट दिसतांच आईच्या तोंडांत परत शिरतात. तोंडांत लेंकरें असेपर्यंत त्या आईचा जवळजवळ उपासच असतो.

हा चमत्कार माणसाच्या नजरेंत फार पूर्वीं भरला. इजिप्त देशांत नेबामून नांवाच्या एका अधिकाऱ्याच्या थडग्यांतील भिंतीवर सुमारें ३३०० वर्षांपूर्वीं काढलेलें एक बागेचें चित्र होतें. तें हल्लीं लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयांत आहे. बागेच्या मध्यभागीं चौकोनी तळें, तळ्यांत कमळें, बदकें आणि मासे. हे मासे तिलापिया जातीचे, म्हणजे सिक्लिडच होत. आईच्या तोंडांतून जिवंत पिलें बाहेर येतांना पाहून मिसरी लोकांनीं या माशास पुनर्जन्माचें चिन्ह मानलें, व त्याच्या आकाराचे ताईत केले. घराच्या अंगणांत सिक्लिड बाळगण्याचा नाद हा असा तीन हजार वर्षांचा जुना आहे. आजीबाईंस हें सांगितलें असतें तर कदाचित् माझी थोडी अब्रू राहिली असती.

आपल्याकडील जुनी नोंद पाहूं गेल्यास बाराव्या शतकांतील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' ग्रंथाकडे जावें लागतें. कल्याणीच्या या राजानें राजांच्या करमणुकी सांगतांना मत्स्यविनोद नांवाचा एक भागच लिहिला आहे. त्यांत माशांच्या जाती, त्यांस घालावयाचें खाणें, गळ टाकण्याची रीत हें सारें आहे. राजाचा हेतु अखेर मासा पकडण्याचाच होता हें खरें; परंतु मासा काय खातो, कोठें राहतो हें इतक्या बारकाईनें पाहणारा राजा मला तरी आपला वर्गबंधु वाटतो.

आणि हिंदुस्थानांतले स्वतःचे सिक्लिड? ते तीनच, तिघेही दक्षिणेकडील व पश्चिम किनाऱ्याकडील. त्यांतील मोठा तो गोमंतकांतील कालुंदर. केरळांत यासच करिमीन म्हणतात, व त्या राज्यानें २०१० सालीं त्यास राज्यमत्स्याचा मान दिला. ब्लॉख नांवाच्या जर्मन वैद्यानें १७९० सालीं या माशाचें वर्णन करून त्याच्या शास्त्रीय नांवांत 'सुरत' गोंवून टाकलें. दुसरा पिवळा, ठिपक्यांचा, बोटाएवढा. त्याचीं पिलें आईबापांच्या अंगास तोंड लावून कातडीवरचा स्राव खातात. तिसरा कानडा मुलखांतील नद्यांपुरता. आमच्या वैनगंगेच्या खोऱ्यांत सिक्लिड मुळांत नव्हतेच.

मात्र पिलें सांभाळणारा मासा आम्हांस नवा नव्हता. आमच्याकडे मरळ आहे. तो या कुळांतला नव्हे. परंतु पाणवनस्पतींत जागा करून तो अंडीं राखतो, आणि अंडीं फुटल्यावर तांबूस पिलांचा एक गोळाच्या गोळा पाण्याच्या पृष्ठाशीं वरखालीं होत फिरत असतो. पावसाळ्यांत बोडीच्या कांठीं उभें राहिलें म्हणजे तो दिसतो. गोळ्याखालीं मोठा मरळ असणारच, हें ढिवरांच्या पोराला शाळेंत जाण्याआधीं ठाऊक असतें. मला तें माझ्या विद्यार्थ्यांनीं शिकविलें, पुस्तकानें नव्हे.

आतां काचेच्या पेटीकडे येऊं. काचेंत मासा ठेवून तो जगवावयाचा, ही युक्ति फार जुनी नाहीं. १८५० सालीं वॉरिंग्टन नांवाच्या इंग्रज रसायनज्ञानें दाखविलें कीं, पाण्यांत मासा, वनस्पति व गोगलगाई यांचा मेळ बसला तर पाणी वारंवार न बदलतांही मासा जगतो. १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत माशांसाठीं काचेचें घर झालें, आणि पुढच्याच वर्षीं गॉस नांवाच्या लेखकाच्या पुस्तकानें 'अक्वेरियम' हा शब्द घरोघर पोहोंचविला. इंग्लंडांत त्या काळीं याचें एक वेडच पसरलें होतें म्हणतात. आपल्याकडे मुंबईस समुद्रकांठीं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालीं उघडलें, आणि मुंबई पाहून आलेल्या प्रत्येक मराठी कुटुंबाच्या सांगण्यांत राणीच्या बागेनंतर त्याचा उल्लेख येऊं लागला. मीही लहानपणीं एका मामांकडून तें वर्णन ऐकलें होतें. पेटी घरीं यावयास मात्र निवृत्ति उजाडावी लागली.

माझी पहिली जोडी ही जोडी नव्हतीच. एका दुकानांतून 'नरमादी' म्हणून दोन मोठे एंजल आणले. चार महिन्यांनीं एके दिवशीं पाहतों तों पेटींतल्या रुंद पानावर अंड्यांच्या ओळी! घरांत पेढे वांटावयाचेच काय तें बाकी राहिलें. तिसऱ्या दिवशीं सारीं अंडीं खडूसारखीं पांढरीं झालीं. दुसऱ्या खेपेसही तेंच. मागाहून कळलें कीं दोघीही माद्या होत्या. या जातींत नर कोण व मादी कोण हें एरवीं कोणासच ओळखतां येत नाहीं. अंडीं घालण्याच्या वेळीं पोटाखालीं जी लहान नळी दिसते ती नराची बारीक व टोंकदार आणि मादीची जाड व बोथट, एवढाच काय तो फरक. तेव्हां दुकानदारासही दोष कसा द्यावा? ठरवून लावलेलीं लग्नें या जातीला मानवत नाहींत, स्वयंवरच पाहिजे. म्हणून पुढच्या वेळीं रुपयाएवढीं सहा पिलें आणलीं व एकत्र वाढविलीं. नऊदहा महिन्यांचीं झाल्यावर त्यांतल्या दोघांनीं पेटीचा एक कोपरा आपला म्हणून धरला आणि उरलेल्या चौघांस तिकडे फिरकूंही देईनात. जोडी जमली ती अशी. चौघांस मीं दुसऱ्या भांड्यांत हलविलें.

जोडी जमली म्हणजे पिलें झालीं असें मात्र नाहीं. पहिली अडचण पाण्याची. आमच्या विहिरीचें पाणी जड. त्यांत साबणाला फेंस येत नाहीं, व चहाच्या भांड्याच्या तळाशीं पांढरा थर बसतो. अमेझॉनचें पाणी त्याच्या अगदीं उलट, मऊ. जड पाण्यांत मासे जगतात, पण अंडीं फळण्याची निश्चिति नसते. यावर उपाय आकाशांतूनच आला. पहिल्या एकदोन पावसांनीं छप्पर धुऊन निघालें म्हणजे पुढील पावसाचें पाणी पिंपांत धरावयाचें, फडक्यानें गाळून आठवडाभर निवूं द्यावयाचें, आणि मग पेटींतलें चतुर्थांश पाणी काढून त्याऐवजीं हें घालावयाचें. माझी पेटी दोन फूट लांब, सव्वा फूट रुंद व दीड फूट उंच आहे; तींत सुमारें १०० लिटर पाणी मावतें. उंची कमी असेल तर या माशांचे पर सरळ वाढत नाहींत.

दुसरी अडचण हवेची. या माशांना पाणी २६ ते २८ अंश उष्ण लागतें. आमचा उन्हाळा आपण जाणतांच. वैशाखांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, आणि पाणी तापलें म्हणजे त्यांतला प्राणवायु कमी होतो. तेव्हां पेटीभोंवतीं ओलीं फडकीं गुंडाळून आम्हीं उभयतां पंख्यानें वारा घातला आहे. पौषांत उलट विजेची कांडी लावून पाणी कोमट ठेवावें लागतें. या दोन्ही टोंकांच्या मध्यें श्रावण-भाद्रपद हे महिने अमेझॉनच्या अगदीं जवळचे. हवा दमट, पाणी मऊ, आणि डांसांच्या अळ्या पाहिजेत तितक्या! या अळ्या धुऊन दिवसांतून दोनदां घातल्या कीं मादीचें पोट आठवड्याभरांत भरल्यासारखें दिसूं लागतें. डांसांपासून माझ्या घरास झालेला हा एवढाच उपकार होय.

अंडीं घालावयास पाटीचा तुकडा तिरपा उभा करावा असें पुस्तकांत लिहिलें होतें. पाटी आतां शाळेंतूनच गेली. मीं गोठ्याच्या छपरावरचें एक जुनें कवेलू घांसून, उकळून पेटींत तिरपें टेकवून ठेविलें. दोन दिवस नर व मादी दोघेंही तें तोंडानें चोळून स्वच्छ करीत होतीं. दिवाळीपूर्वीं भिंत सारविणाऱ्या गृहिणीसही इतकी चिकाटी नसेल. मग एके संध्याकाळीं मादी खालून वर सरकत ओळीनें अंडीं चिकटवीत गेली व तिच्या मागोमाग नर. तासा-दीड तासांत कवेलूवर मोहरीहूनही बारीक अंड्यांच्या ओळी उमटल्या. मोजूं लागलों तेव्हां दीडशेंच्या पुढें हिशेब चुकला.

सकाळीं उठून पाहिलें तों कवेलू स्वच्छ. रात्रीं आईबापांनींच तीं खाल्लीं. सौभाग्यवतींनीं त्या दिवशीं त्यांना खाऊं घालावयाचें नाकारलें, "स्वतःचीं पोरें खाणारीं हीं कसलीं मायबापें?" म्हणाल्या. त्यांचें म्हणणें मला त्या वेळीं पटलें होतें. परंतु चूक माझी होती. रात्रीं दिवा मालवल्यावर काळोखांत ओसरीवरून कोणी गेलें, कोणी दार वाजविलें, म्हणजे नवख्या जोडप्याचा धीर सुटतो. शत्रूच्या तोंडीं जाण्यापेक्षां आपणच गिळलेलीं बरीं, असा कांहीं त्यांचा न्याय असावा. पुढच्या वेळीं पेटीच्या तीन बाजूंस जाड कागद लावला, रात्रभर एक मंद दिवा ठेविला, नातवंडांस ओसरीवर चेंडू खेळण्याची बंदी केली. दुसरी खेप चौथ्या दिवसापर्यंत टिकली. तिसरी पार पडली.

अडीच दिवसांनीं अंडीं फुटलीं. पिलें अजून पोहत नाहींत. डोक्याला असलेल्या चिकट तंतूनें कवेलूस लोंबकळत नुसत्या शेपट्या हलवितात. एखादें खालीं पडलें तर आई अथवा बाप तें तोंडांत धरून परत जागेवर थुंकतो. पुढें पांचएक दिवसांनीं सारीं पिलें एकदम सुटतात आणि आईबापांभोंवतीं ढगासारखीं तरंगूं लागतात. त्या दिवसापासून त्यांस बारीक सजीव अन्न लागतें. आर्टेमिया नांवाच्या खारट पाण्यांतल्या किड्यांचीं अंडीं बाजारांत मिळतात; मिठाच्या पाण्यांत हवा देत एक-दीड दिवस ठेविलीं म्हणजे त्यांतून नारिंगी ठिपक्यांसारखे जीव निघतात. उकडलेल्या अंड्याचा बलक घालूं नये. मीं घातला, पाणी नासलें, आणि निम्मीं पिलें गेलीं.

लोरेन्झ नांवाच्या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानें १९४९ सालच्या आपल्या पुस्तकांत अशाच एका सिक्लिड बापाची हकीकत दिली आहे. पिलें गोळा करून घरट्याकडे नेत असतां त्याच्या तोंडांत किड्याचा तुकडा होता, आणि त्याच वेळीं चुकलेलें एक पिलूंही त्यानें तोंडांत घेतलें. एक गिळावयाचें, दुसरें जपावयाचें. तो मासा क्षणभर स्तब्ध राहिला. मग त्यानें दोन्ही खालीं थुंकलीं, आधीं किडा खाल्ला, पिलावर डोळा ठेवून, आणि मग पिलूं उचलून घरीं नेलें. लोरेन्झ यांस पुढें १९७३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. सौभाग्यवतींस ही हकीकत वाचून दाखविल्यावर माशांचें अन्न पुन्हा सुरू झालें.

श्रोतेहो, येथवर ही करमणुकीची गोष्ट झाली. परंतु ज्या मायेचें मीं एवढें कौतुक केलें, तिचीच दुसरी बाजू सांगितल्यावांचून आजीबाईंच्या प्रश्नाचें उत्तर पुरें होत नाहीं.

आमचे तलाव हे निसर्गानें दिलेले नाहींत. ते माणसांनीं बांधले. गोंड राजांच्या अमदानींत कोहळी लोकांनीं टेंकड्यांच्या कुशींत पाळी घालून पाणी अडविलें व भाताची शेती पिकविली. नवेगांव बांध हा त्यांतला नामांकित. १९९९ सालीं जिल्ह्याची वांटणी झाली तेव्हां तो गोंदिया जिल्ह्यांत गेला. मालगुजारी १९५१ सालीं संपली, तरी आमच्या तोंडीं हे अजून 'मामा तलाव', म्हणजे माजी मालगुजारी तलावच आहेत. मोठा तलाव, त्याखालीं लहान बोड्या, त्याखालीं धानाचीं बांध्या. पावसाळ्यांत पाणी एकांतून दुसऱ्यांत उतरतें आणि त्याबरोबर मासेही चढतात-उतरतात. ही रचना ढिवरांच्या पिढ्यांनीं ओळखून ठेविली आहे.

अशा देशांत १९५२ सालीं मोझांबिकचा तिलापिया आणला गेला. हेतु चांगला होता. अन्नाची टंचाई होती, आणि हा मासा कोणत्याही पाण्यांत जगतो, कांहींही खातो, झपाट्यानें वाढतो. रोहू-कतल्यास सांठलेल्या पाण्यांत अंडीं घालावयास लावणें त्या वेळीं साधलें नव्हतें. तें हिरालाल चौधरी यांनीं ओरिसांत अंगुल येथें १० जुलै १९५७ रोजीं मस्तिष्कग्रंथीचा अर्क टोंचून साधलें, व तो दिवस अजून मत्स्यशेतकऱ्यांचा दिवस म्हणून पाळला जातो. तिलापियास असल्या आर्जवांची गरजच नव्हती. दोनतीन महिन्यांत वयांत येणारा, वर्षांतून अनेक वेळां वितो, आणि आईच्या तोंडांत पिलें सुखरूप. एका तळ्यांत पन्नास सोडले तर वर्षाअखेर हजारों. परंतु सारे बोटाएवढे, कारण तितक्यांना खावयास पुरत नाहीं. इतर माशांच्या अन्नावर व जागेवर ते पसरतात. राजस्थानांतील जयसमंद तलावांत तिलापिया शिरल्यावर मोठ्या माशांचें वजन उतरलें हें प्रसिद्धच आहे. १९५९ सालीं मत्स्यसंशोधन समितीनें त्याचा प्रसार थांबवावा असें ठरविलें. तोंवर फार उशीर झाला होता. पुणें-सोलापूरकडे उजनीच्या पाण्यांत यासच चिलापी म्हणतात, व तिकडील बाजारांत तो आतां घरचाच झाला आहे. अलीकडे सरकारनें नियमांखालीं एकाच लिंगाच्या पिलांची शेती मान्य केली, तीही याच भीतीमुळें.

समितीचा तो निर्णय मला ठाऊक नव्हता. १९८४ च्या सुमारास मी साकोलीकडील एका खेड्यांत नवीन मास्तर होतों. एका स्नेह्याकडून आठदहा चिलापी मिळाले. काचेच्या बरणींत ठेवून वर्गापुढें मांडले. मादीच्या तोंडांतून पिलें बाहेर येतांना पाहून मुलें बाकांवर चढलीं. सृष्टिज्ञानाचा इतका रंगलेला तास मी पुन्हा कधीं घेतला नाहीं. उन्हाळ्याच्या सुटींत बरणी कोणाकडे द्यावी हा प्रश्न आला, तेव्हां मुलांची रांग काढून, गाणें म्हणत, आम्हीं ते मासे गांवच्या बोडींत सोडले. जीवदया म्हणून! मीं त्या दिवशीं चार शब्दांचें भाषणही केलें.

तीन पावसाळे गेले. एका सकाळीं गांवचा एक वृद्ध ढिवर टोपली घेऊन शाळेच्या पायरीशीं उभा राहिला. टोपलींत सारे वीतभरही नसलेले चिलापी. म्हणाला, "गुरुजी, तुमचा मासा लेकरं तोंडात घेऊन फिरते जी. जाळं टाकलं का मोठी मादी तळाशी बसते, लेकरं वाचवते. पयले या टोपल्यात धा जातीचे मासे राहत. आता एकच जात हाय. याले बाजारात कोण घेईन?"

आवाजांत राग नव्हता. असता तर बरें झालें असतें. मीं त्याची टोपली विकत घेतली, आणि तें किती पोरकट होतें हें पैसे देतां देतांच मला कळलें. पुढें एका अवर्षणाच्या सालीं ती बोडी तळापर्यंत आटली. चिलापी मेले; मरळ मात्र ओल्या चिखलांत दबा धरून राहिले, व पाऊस येतांच वर आले, कारण त्यांस वरची हवाही घेतां येते. मीं सुटकेचा श्वास टाकला. परंतु त्याआधींच्या दोन पुरांत बोडीवरून पाणी खालच्या तलावांत उतरलें होतें. त्या तलावाच्या कांठीं मी अजून उभा राहत नाहीं.

म्हणून माझ्या ओसरीवर आतां एक नियम आहे. काचपेटींतून जें बाहेर जाईल तें दुसऱ्या काचपेटींतच जाईल. प्रत्येक खेपेचीं अंडीं वाढवावयाचींच असेंही मी धरून बसत नाहीं. आईबापांनीं खाल्लीं तर खाऊं देतों. पिलें वाढलींच तर दोनतीन शाळांस आणि नागपूरच्या एका दुकानदारास देतों. एंजलासारखा नाजूक मासा आमच्या पौषांतल्या थंडींत तलावांत तगावयाचा नाहीं, हें मला ठाऊक आहे. पण चिलापीविषयींही चांगलें तेंच ठाऊक होतें.

गेल्या अनंत चतुर्दशीस गल्लींतला एक सहावींतला मुलगा प्लॅस्टिकची बादली घेऊन आला. गणपतीबरोबर दहा पिलें खांब तलावांत सोडूं या, पुण्य लागेल, म्हणाला. मीं त्याला बसवून बोडीची गोष्ट सांगितली. तो हिरमुसला, मग त्यानें विचारलें कीं बादलींतच ठेवलीं तर चालतील काय. चार पिलें, एक चमचा व आर्टेमियाची पुडी देऊन त्याची रवानगी केली. त्यांतलीं तीन अजून जिवंत आहेत असें तो रोज सांगून जातो.

त्याच्या मागोमाग आजीबाईही पाहावयास आल्या. बराच वेळ काचेस नाक लावून उभ्या होत्या. "गुरुजी, यातली माय कोणती नि बाप कोणता?" त्यांनीं विचारलें. मला सांगतां आलें नाहीं. नातवंडांपैकीं कोणी ओसरीचें दार आपटलें होतें, आणि दोघांचींही तोंडें पिलांनीं भरलेलीं होतीं.